अ‍ॅडव्हायझरला पहिल्यांदा कधी भेटायचं? दुसऱ्या आठवड्यात!

नमस्कार मंडळी, आज थेट मुद्द्यावर येतो. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला तुम्हाला एक अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर दिलेला असतो, कुठे त्यांना मेंटॉर म्हणतात कुठे ट्यूटर, पण बहुतेकांना त्यांचं नाव कळतं ते फॉर्मवर सही हवी असते तेव्हा, आणि नीट बसून बोलणं होतं ते एखादा विषय राहिल्यावर. तोपर्यंत निम्मे मार्ग बंद झालेले असतात. म्हणून माझं सांगणं आहे की सेमिस्टर सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जाऊन भेटा, सगळं सुरळीत चाललं असेल तरी.

आता का, ते आकड्यांत बघू. समजा दर सेमिस्टरला २० क्रेडिट आहेत (क्रेडिट म्हणजे सरासरी काढताना प्रत्येक विषयाला दिलेलं वजन) आणि पहिल्या सेमिस्टरला तुम्हाला १० पैकी ६ सरासरी पडली. दुसऱ्या सेमिस्टरला जीव लावून ९ आणले तर एकूण सरासरी होते ७.५, छान. पण हेच ६ वर चार सेमिस्टर रेंगाळलात आणि मग पाचव्याला ९ आणले तर? आधीच्या ८० क्रेडिटचे ४८०, नवीन २० चे १८०, बेरीज ६६०, भागिले १०० म्हणजे ६.६. मेहनत तेवढीच, मार्क तेवढेच, पण उशीर झाला म्हणून सरासरी जेमतेम सरकली. हा हिशोब पहिल्या वर्षी कुणी समोर बसवून करून दाखवला ना, तर अभ्यासाचं प्लॅनिंगच बदलतं.

दुसरी गोष्ट म्हणजे विषयांची साखळी, आणि ही तर फारच कमी मुलांच्या लक्षात येते. कॅल्क्युलस एक पास झाल्याशिवाय दोन घेता येत नाही, दोनशिवाय डिफरन्शिअल इक्वेशन्स नाही, आणि त्यावर पुढचे दोन-तीन विषय अडलेले. यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील तर तिथे नापास होणं म्हणजे नुसता एक पेपर परत देणं नाही, अख्खं वर्ष पुढे जाऊ शकतं! म्हणून अ‍ॅडव्हायझरकडे गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा, "माझ्या कोर्समध्ये कुठला विषय अडला तर पुढचं सगळं अडतं?" त्यांनी बॅचच्या बॅच बघितलेल्या असतात, त्यांना हे बऱ्याचदा तोंडपाठ असतं.

आणि तारखा. विषय बदलायची एक तारीख असते, विषय सोडायची वेगळी असते. बऱ्याच युनिव्हर्सिटीत मुदतीत विषय सोडला तर मार्कशीटवर नापास लागत नाही, मुदत टळली की लागतो. हे आजच कॅलेंडरवर टाका. पण विषय सोडण्याआधी स्कॉलरशिप किंवा हॉस्टेलसाठी किमान किती क्रेडिट लागतात ते मात्र विचारून घ्या, तिथे मुलं हमखास अडकतात.

आता जे खरं आडवं येतं ते बोलू, लाज. "मी गेलो तर सर म्हणतील हा कच्चा आहे." १९७३ मध्ये अमेरिकेत मिसुरी-कॅन्सस सिटी युनिव्हर्सिटीत डिअ‍ॅना मार्टिन यांनी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाची पद्धत सुरू केली. त्यांनी कच्ची मुलं शोधलीच नाहीत, अवघड विषय शोधले, म्हणजे ज्यात दरवेळी भरपूर मुलं अडकतात असे, आणि त्या विषयाला बसलेल्या सगळ्यांसाठी जादा सेशन ठेवली. घेणारा कोण, तर तोच विषय आधी चांगल्या मार्कांनी पास झालेला सिनियर. तो पुन्हा लेक्चरला बसायचा आणि मग मुलांना गटात घेऊन त्यांच्याकडूनच विषय सोडवून घ्यायचा. सगळ्यांनाच बोलावलंय म्हटल्यावर कुणावर शिक्का बसायचा प्रश्नच आला नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तुमच्याकडे असं काही चालत असेल तर हुशार मुलांनीही जावं, अगदी बिनधास्त.

सपोर्टने खरंच फरक पडतो का, तर पडतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये दोन वर्षांच्या डिग्रीसाठी असाप नावाचा प्रोग्रॅम आणला. अ‍ॅडव्हायझरला वारंवार भेटणं सक्तीचं, ट्यूटरिंग, पुस्तकं, प्रवासाचा पास, फी कमी पडली तर ती भरून देणं, सगळं एकत्र. कुणाला प्रोग्रॅममध्ये घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून अभ्यास केला, तेव्हा तीन वर्षांत साधारण ४० टक्के मुलं डिग्री पूर्ण करून बाहेर पडली, बाकीच्या गटात २२ टक्के. आता हे एकट्या अ‍ॅडव्हायझरचं श्रेय नाही, पैसे आणि प्रवास हेही त्यात आहेत, आणि म्हणूनच मीटिंगमध्ये फक्त मार्कांवर बोलू नका. रात्रीची नोकरी करताय, घरी कुणी आजारी आहे, फी थकलीय, झोप लागत नाही, हे सांगा. अ‍ॅडव्हायझर स्वतः सगळं सोडवणार नाहीत, पण समुपदेशक कुठे बसतात, फीची सवलत कोण देतं, परीक्षेला जादा वेळ मिळण्यासाठी अर्ज कुठे करायचा, हे त्यांना माहीत असतं.

जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. सिलॅबस, आतापर्यंतचे मार्क, पुढच्या सेमिस्टरला कुठले विषय घ्यायचेत त्याची कच्ची यादी, आणि प्रश्न लिहून न्या. "सर, काय करू?" या प्रश्नाला उत्तर देणं कुणालाही अवघड आहे. "मॅडम, हे दोन विषय एका सेमिस्टरला झेपतील का, दोन्हीला लॅब आहे" असं विचारलंत की बोलणं लगेच कामाचं होतं.

आणि परत आल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: आज हे ठरलं, मी अमुक विषय घेतोय, अमुक तारखेपर्यंत अर्ज देतोय, काही चुकत असेल तर कळवा. तोंडी बोलणं दोघंही विसरतात आणि नियम मध्येच बदलतात, अशा वेळी हा मेल हाताशी असला तर फार कामाला येतो. नियमाबद्दल शंका राहिली तर युनिव्हर्सिटीची नियमपुस्तिका उघडून स्वतः बघा, कारण डिग्री द्यायची वेळ आली की तिच्यात लिहिलेलंच धरतात.

तुमच्या कोर्समध्ये सगळ्यांना अडवणारा विषय कुठला आहे ते खाली कमेंटमध्ये कोर्सच्या नावासकट लिहा, नवीन येणाऱ्या मुलांना ती यादी वाचायला मिळेल.