रातपाळीवाल्याची सकाळ कुठली?

(माग चालू, टॉवेल उतरतोय)

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. आवाज आम्ही वाढवलेला नाही, इथं बारा तास हाच आवाज असतो. टेरी टॉवेलचे माग. धागा तुटला की माग थांबव, गाठ मार, परत चालू कर, तोवर शेजारचा माग बोंबलतोय. बसायला स्टूल नाही, ते दिसतंयच तुम्हाला.

हे मामा. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा आठवडा रातपाळी. शुगर जुनी, गोळ्यांनी भागेना म्हणून इन्सुलिन लागलं. चिठ्ठीवर लिहिलंय, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. आता रातपाळीवाल्याची सकाळ कुठली, हे कुणी विचारलंच नाही.

(हात जवळून)

हात बघा. बाटली तळव्यांत हळू घोळवायची, जोरात हलवायची नाय, फेस होतो. आतलं सगळं दुधासारखं एकसारखं दिसायला पाहिजे. सिरिंज लाल टोपणाचीच, कारण ह्या बाटलीत एका मिलीत 40 युनिट, 100 ची सिरिंज घेऊन तेवढ्याच रेघेपर्यंत भरली तर डोस निम्म्याहून कमी जातो आणि कळतही नाही. पोटावर रोज जागा बदलायची, एकाच जागी टोचत राहिलं की गाठी होतात, औषध नीट लागू पडत नाही. मामा हे सगळं न बघता करतात.

हे 30-70 चं मिक्स. 30 टक्के अर्ध्या तासात कामाला लागतं, 70 टक्के चार-पाच तासांनी जोर धरतं. रातपाळीहून आठला सुटायचं, घरी येऊन टोचायचं, अर्धी भाकरी खाऊन आडवं व्हायचं. जोर धरतो तेव्हा दुपारचे एक वाजलेले, मामा गाढ झोपेत आणि शुगर खाली खाली. म्हणून मामी मधूनच कपाळाला हात लावून जातात, गार घाम आलाय का बघायला.

शेडमध्ये तर अजून अवघड. शुगर 70 च्या खाली गेली की घाम फुटतो, हात कापतात. पण एप्रिलात, सोलापुरात, पत्र्याखाली घाम कुणाला येत नाही? ओळखायचं कसं? खिशात ग्लुकोजची पुडी असते. नाहीतर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबा, परत तपासा. तेवढा वेळ माग कोण बघणार, ते मुकादमाला विचारा.

पुढं एका डॉक्टरनी आधी पाळीच विचारली. मग लांब चालणारं इन्सुलिन दिवसातून एकदा, संध्याकाळी आठला, कारण तेव्हा मामा एकतर सुटतात नाहीतर चढतात, म्हणजे दोन्ही आठवडे जागेच असतात. जेवणाचं वेगळं, जेवायला बसतील तेव्हाच. जेवण हुकलं तर ते टोचायचं नाही.

डोळे, किडनी, पायाच्या जखमा, शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे मागं लागायचा धोका वाढतो.

इन्सुलिनची नवीन पेनं बाटलीपेक्षा महाग आहेत. शेडमधले बाकीचे शुगरवाले अजून बाटलीवरच आहेत, आणि सोमवारी त्यांची रातपाळी लागतेय.