पीठ पाठीमागं नको! सोलापूरच्या उन्हात गाडीतून इडली-सांबार नेताना

(कॅमेऱ्यासमोर. मागं उघडी डिकी, हातात स्टीलचा डबा.)

नमस्कार मंडळी. हा डबा बघा. दोन लिटरचा आहे आणि आत इडलीचं पीठ आहे एकच लिटर. आता ही डिकी बघा. आजचं पहिलं वाक्य: पीठ पाठीमागं नको.

उद्या सकाळी विजयपूरला, तुळजापूरला नाहीतर अक्कलकोटला निघायच्या घाईत धक्के, तापमान, चाकांमधलं अंतर यातलं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. पण ‘पीठ पाठीमागं नको’ हे मात्र आठवतं. म्हणून आज महत्त्वाच्या नियमांना एकेक कोटी जोडली आहे. कोटी रुपयांची नव्हे, शब्दांची.

आता डिकी का नको ते सांगतो. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा सगळ्यात कमी हलतो तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग. डिकी मागच्या चाकांच्याही मागं असते. त्यामुळं गतिरोधकावर पुढं बसलेल्याला नुसता हिसका बसतो, तेव्हा डिकीतला डबा उडालेला असतो. शिवाय सेडान गाडीच्या डिकीत एसीची हवा पोचत नाही. म्हणजे धक्के आणि उष्णता, दोन्हींचा मार एकाच डब्यावर.

(जवळून: चालकाशेजारच्या सीटच्या मागची, पाय ठेवायची जागा.)

डब्याची जागा इथं. खाली जाड टॉवेल अंथरा, डबा ठेवा, आणि पुढची सीट दोन खाचा मागं सरकवून डबा अलगद दाबून धरा. पुढच्या सीटवर डबा ठेवलात तर काय होतं? २०१९च्या जुलैपासून नव्या मोटारींना पुढच्या दोन्ही सीटसाठी पट्ट्याची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. भरलेला डबा सीटवर बसला की गाडीला माणूस बसल्यासारखं वाटतं आणि ती टिंगटिंग करत राहते. ते बंद करायला डब्याला पट्टा लावायचा मोह होतो. लावू नका. जोराचा ब्रेक लागला की गोल डबा पट्ट्यातून सटकतो आणि समोर एअरबॅग असते.

आता पिठाकडे वळू. कोटी अशी: प्रवास लांबला, की पीठ आंबलं.

वेट ग्राइंडरवर वाटणार असाल तर चार वाट्या इडलीचा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथी. मिक्सरवर वाटणार असाल तर तांदूळ तीनच वाट्या. कारण मिक्सरमध्ये उडीद तेवढा फुलत नाही आणि भांडं तापतं. वाटताना फ्रिजमधलं गार पाणी वापरा. उडीद झाला की नाही ते बघायची सोपी खूण आहे: पिठाचा थेंब पाण्यात टाका. तरंगला तर झाला, बुडाला तर अजून दोन मिनिटं. तांदूळ मात्र बारीक रव्याइतका जाडसर राहू दे.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या घरात असतो. अशा दिवसांत पीठ पाच-सहा तासांत फुलतं, थंडीत त्याला बारा-चौदा तास लागतात. उन्हाळ्यात मीठ आधीच घाला, म्हणजे आंबण्याचा वेग थोडा आवरतो. थंडीत फुलल्यावर घाला.

घोटाळा होतो तो गाडीत. आंबताना पिठात वायू तयार होतो आणि पीठ दुप्पट होतं. गळ्यापर्यंत भरलेला डबा असला की झाकण वर येणार आणि पीठ टॉवेलवर येणार. म्हणून अर्धाच डबा. आणि उन्हात बंद उभ्या गाडीत दहा मिनिटांत आतलं तापमान साधारण दहा अंशांनी वाढतं, पुढंही वाढतच राहतं. बाहेर ४२ असेल तर आत साठीच्या पुढं जायला वेळ लागत नाही. पिठाला मानवते तिशीतली ऊब. त्याच्या वर गेलं की फुलवणारे जिवाणू मागं पडतात आणि नुसता आंबटपणा वाढतो. म्हणून चहाला थांबलात तर गाडी सावलीला लावा, नाहीतर डबा सोबत उतरवा.

सगळ्यात खात्रीचा मार्ग हा: पीठ घरीच पूर्ण फुलवा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, आणि सकाळी बर्फाच्या दोन बाटल्यांसोबत थर्माकोलच्या पेटीत घालून न्या. विजयपूर शंभर किलोमीटर आहे. तेवढ्या वेळात गार पीठ जागचं हलत नाही.

तयार इडल्या नेणार असाल तर कोटी बदलते: इडली अडली? थांब घडीभर.

दहा-बारा मिनिटं वाफवून साचा बाहेर काढला की लगेच चमचा घालायचा नाही. गरम इडलीचा तळ चिकट असतो, तो साच्यालाच राहतो आणि वर फाटकी इडली येते. चार-पाच मिनिटं थांबा, मग चमच्याची कड पाण्यात बुडवून कडेनं गोल फिरवा. अख्खी सुटते. डब्यात भरताना वाफ पूर्ण जाऊ द्या, थरांमध्ये केळीचं पान किंवा सुती कापड घाला. गरम भरल्या तर झाकणाखालचं पाणी इडल्यांवरच ठिबकतं आणि वरचा थर गिळगिळीत होतो.

इडलीवरून एक सांगायलाच हवं. कल्याणीचे चालुक्य म्हणजे आपले शेजारी, त्यांची राजधानी बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. तिथल्या राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात ‘इड्डरिका’ नावाचा पदार्थ येतो. पण तो नुसत्या उडदाचा. आज आपण करतो तशी तांदूळ घालून आंबवलेली इडली त्यात नाही.

आणि मेदूवडा. त्याला मेंदूवडा म्हणू नका, मेदाशीही त्याचा संबंध नाही. कन्नडमध्ये ‘मेदु’ म्हणजे मऊ. घरोघरी मराठी, कन्नड आणि तेलुगू कानावर पडणाऱ्या या गावात एवढं तरी बरोबर म्हणूया.

(टेबलावर थर्मास, उकळतं पाणी, सांबाराचं पातेलं.)

आता मुख्य काम. सांबार सांभाळा.

थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, मग ओतून टाका. गार थर्मासमध्ये सांबार ओतलं तर पहिली गरमी भांडंच पिऊन टाकतं. सांबार खळखळ उकळलेलं हवं आणि थर्मास गळ्याखाली बोटभर जागा सोडून भरलेला हवा. अर्धा भरला तर लवकर निवतो आणि आत हिंदकळत राहतो. डाळ मुरली की सांबार दाट होतं, म्हणून लिटरमागं अर्धी वाटी पाणी नेहमीपेक्षा जास्त घाला. भोपळा प्रवासात विरघळून जातो. शेवग्याची शेंग टिकते. उघडल्यावर जीभ पोळेल इतकं गरम निघालं तर निश्चिंत वाढा.

हीच कोटी नागपूरकराला सांगितलीत तर तो कोथिंबिरीची जुडी सांभाळेल, कारण विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. एका शब्दाला दोन अर्थ असले की त्याला श्लेष म्हणतात, शाळेत शिकलोय आपण. तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजांच्या नावावरून सांबार हे नाव पडलं, असंही सांगतात. ती दंतकथा म्हणून ऐकावी, इतिहास म्हणून पुढं पाठवू नये.

तरीही सांडलंच तर? इथं जरा नीट बघा.

(जवळून: कापडी सीटवर पिवळा डाग.)

आधी चमच्यानं डाळ आणि फोडी उचला. मग कोरडं कापड डागावर दाबा. घासू नका, घासलं की हळद कापडाच्या धाग्यात आत जाते. बाहेरून आत असं दाबत या, म्हणजे डाग पसरत नाही. मग एक लिटर गार पाण्यात चहाचा एक चमचा भांड्यांचा साबण घाला, त्यात कापड भिजवून घट्ट पिळा आणि टिपत राहा. सीटवर पाणी ओतायचं नाही. आतला फोम ते धरून ठेवतो आणि आठवड्यानं कुबट वास सुरू होतो, शिवाय सीटखाली वायरींचे जोड असतात.

(डाग लालसर होतो.)

हे बघितलंत? डाग लाल झाला. इथं सगळे घाबरतात. पण हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तीच ही गंमत. साध्या पाण्याच्या फडक्यानं साबण टिपून काढा, रंग पुन्हा पिवळ्याकडे येतो. तेल गेलं, पिवळेपणा उरला. त्यावर औषध सोलापुरात फुकट आहे. हळदीचा रंग उन्हात उडतो. दार सताड उघडून डागावर थेट ऊन पडेल अशी गाडी लावा. दोन-तीन तासांत फिका पडतो, जुना असेल तर दोन-तीन दिवस रोज ऊन दाखवा. लेदरसारखं कव्हर असेल तर मात्र ऊन नको, लगेच पुसा आणि शिवणीत राहिलेली हळद मऊ ब्रशनं काढा.

पीठ सांडलं तर नियम वेगळा. ओलं असतानाच जुन्या प्लास्टिक कार्डानं खरवडून घ्या आणि गारच पाणी वापरा. गरम पाण्यानं तांदळाची खळ होते, ती कापडात धरून बसते.

चटणीचं थोडक्यात. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात गाडीत घेऊच नका. बाहेर ३२ अंशांच्या वर पारा असेल तर शिजवलेलं, ओलं अन्न तासाभराच्या वर उघड्या तापमानात ठेवू नये, आणि ओलं खोबरं त्यात सगळ्यात आधी हात टेकतं. आपल्याकडे त्याहून भरवशाची गोष्ट आहे: शेंगाचटणी. उखळात कुटलेली, शेंगदाण्याला तेल सुटलेली, पाण्याचा थेंब नसलेली. दक्षिणेत इडलीवर सुकी पूड आणि तिळाचं तेल घालतात, तसंच इथं करायचं. दोन इडल्यांना एक चमचा शेंगाचटणी, वरून अर्धा चमचा तेल. थोडी तिखट वाटली तर तुपानं करा, जास्त छान लागतं.

डोसा घरून नेऊ नका. डब्यात दहा मिनिटांत त्याचं चामडं होतं. तो गाडीवरच खावा. आता ‘गाडीवर’ म्हणजे हातगाडीवर, आपल्या बॉनेटवर नव्हे. मराठीत दोन्हीला गाडीच म्हणतात, त्यामुळं हा घोळ होतो. इंजिनाच्या आणि उन्हाच्या तापानं बॉनेटवर हात ठेवता येत नाही, स्टीलच्या ताटलीनं रंगावर ओरखडा येतो, आणि चिंचेचं आंबट सांबार तापलेल्या रंगावर वाळलं तर डाग सोडतं. हातगाडीवर डोसा चिकटताना दिसला तर डोशाला दोष देऊ नका, तवा बघा. तवा फार तापला की पीठ पसरायच्या आत गोळा होतं. म्हणून तर तो कारागीर दर वेळी पाण्याचा हबका मारतो आणि अर्ध्या कांद्यानं तवा पुसतो.

निघण्याआधी टायर. कोटी सोपी: हवी तेवढीच हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, तोच भरा. तोही सकाळी, गाडी गार असताना. टायरमधलं तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआयनं वाढतो. दुपारी वाटेत मोजून ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडलीत तर रात्री गार झाल्यावर टायर कमी दाबावर पळतो. कमी दाबाचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि उन्हाळ्यात टायर फुटण्याचं ते मोठं कारण आहे.

राहिली पाटी. यातली एखादी कोटी गाडीच्या मागं लावायची असेल तर डिकीच्या पत्र्यावर लावा. काचेवर लावली तर मागचं दिसत नाही आणि नंबरप्लेटवर काही लिहिणं नियमात बसत नाही. सिग्नलला मागच्या गाडीतून सहज वाचता यावी म्हणून अक्षर पाच सेंटिमीटर उंच घ्या आणि शब्द चार-पाचच. वेलांटी, मात्रा, उकार यांच्यासाठी वर आणि खाली आणखी दोन-दोन सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर ‘सांबार’चा अनुस्वार कापला जातो. चिकटवायचं काम सकाळी सातच्या आत करा. तापलेल्या पत्र्याला स्टिकर टेकताक्षणी धरतो आणि मग सरळ करता येत नाही. पत्र्यावर साबणाचं पाणी फवारा, स्टिकर ठेवा, जागेवर सरकवा, आणि मधून कडेकडे प्लास्टिक कार्ड फिरवून पाणी काढा. दिवसभर धुवू नका.

मजकूर हवा असेल तर हा घ्या: ‘अंतर ठेवा, सांबार सांभाळा.’