वाटी भरलेली, पक्षी उपाशी

[दृश्य: पिंजऱ्यातली स्टीलची वाटी, अगदी जवळून]

ही वाटी बघा. काठोकाठ भरलेली दिसते. आता तिच्यावर हलकी फुंकर मारूया.

उडाली ती सगळी फोलपटं. पोपट बी अख्खी गिळत नाही. चोचीत धरतो, जिभेनं फिरवतो, सोलतो, आतला गर खातो आणि साल पुन्हा वाटीतच टाकतो. तळाशी उरलेत सात-आठ दाणे. सकाळी घाईत आपण वाटीकडे नजर टाकतो, "आहे की खाणं" म्हणतो आणि दार ओढून घेतो. पक्षी मात्र दिवसभर फोलपटं चाळत बसतो.

म्हणून रोज वाटीतलं सगळं ओतून टाकायचं, वाटी धुवायची आणि मगच नवीन घालायचं.

[दृश्य: चिकू दांडीवर, डोक्यावरचा तुरा उभा]

हा आमचा चिकू. कॉकाटील जातीचा छोटा पोपट. याचे पूर्वज ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातले, हा जन्मला पुण्यात. घरी आणला तेव्हा दुकानातून सोबत मिक्स सीडची पिशवी मिळाली. चिकू त्यातल्या सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचायचा, बाकीचं उधळून द्यायचा. आम्हाला वाटलं, आवडतंय ना, मग तेच देऊ. दोन वर्षं तेच दिलं.

मग शिंका सुरू झाल्या. नाकपुड्या चिकट झाल्या. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी चोच अलगद उघडून टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. टाळूवर पांढरट चट्टे होते. अ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडाचं, नाकाचं, श्वासनलिकेचं आतलं ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होत जातं. मग जंतूंना आत शिरायला वाट मोकळी. सूर्यफुलाच्या बीत ते जवळजवळ नसतंच. कॅल्शियमही नावापुरतं. असतं ते तेल, सोललेल्या बीच्या वजनाच्या साधारण निम्मं. रानात दिवसभर उडणाऱ्या पक्ष्याला ते जिरेल. दोन फुटांच्या पिंजऱ्यात ते यकृतावर साठत जातं.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. पोटभर खायला घालूनही आम्ही त्याला उपाशी ठेवलं होतं.

[दृश्य: ओट्यावर लाल भोपळा]

औषध डॉक्टरांनी दिलंच, पण खरा उपाय निघाला भाजीच्या पिशवीतून. लाल भोपळा, गाजर, रताळं, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. जितकी भाजी गडद केशरी नाहीतर गडद हिरवी, तितकी बरी. अडचण एकच, चिकू भोपळ्याला घाबरायचा. पोपट नव्या खाण्याकडे संशयानंच बघतो. पण तो थव्यानं खाणारा जीव आहे, दुसरा खाताना दिसला की त्यालाही खावंसं वाटतं. म्हणून रोज सकाळी त्याच्यासमोर बसून मीच वाफवलेला भोपळा खायला लागले, बिनमिठाचा. अकराव्या दिवशी त्यानं माझ्या बोटातली फोड ओढली. शेवग्याची ओली डहाळी टांगली, तर आधी त्यानं तिच्यात अंघोळ केली आणि मग पानं खुडली.

आपल्याकडे पोपटाला मिरची द्यायची जुनी पद्धत आहे. त्यात काही चुकीचं नाही. मिरचीतल्या ज्या द्रव्यानं आपली जीभ पोळते, ते पक्ष्यांना जाणवतच नाही आणि पिकलेल्या लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर असतो. भिजवलेली हरभऱ्याची डाळही अधूनमधून चालेल. पण नुसत्या डाळ-मिरचीवर पक्षी पोसला जात नाही.

पायाभूत खाणं म्हणून डॉक्टर पेलेट सुचवतात, म्हणजे धान्य, जीवनसत्त्वं आणि क्षार एकत्र करून बनवलेले दाणे. साधारण निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त पेलेट, मग भाज्या आणि मोड आलेले मूग, मटकी. फळ एखादी फोड, बिया मूठभर नाही, चिमूटभर. बिया द्यायच्याच तर राळा द्या. बाहेरून येणारी महागडी 'मिलेट स्प्रे' म्हणजे आपल्या राळ्याचीच कणसं.

[दृश्य: स्वयंपाकघरातला वजनकाटा, त्यावर चिकू]

इथे मात्र घाई जिवावर बेतू शकते. बिया एका दिवसात बंद केल्या, तर पेलेटला खाणं न समजणारा पक्षी भरल्या वाटीशेजारी उपाशी मरू शकतो. बदल काही आठवडे, हळूहळू करायचा. रोज सकाळी त्याच वेळी वजन करायचं, ग्रॅममध्ये. चिकू ९२ ग्रॅमचा. नऊ ग्रॅम जरी उतरले तरी थांबायचं, पुन्हा बिया द्यायच्या आणि डॉक्टरांना फोन करायचा.

कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेन, म्हणजे कटलफिश या समुद्री जीवाचं आतलं पांढरं कवच, अडकवा. पण ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि त्यासाठी थेट ऊन. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. सकाळी पिंजरा गॅलरीत ठेवा, अर्धी बाजू सावलीत.

अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, फरसाण अजिबात नाही. दुधात कुस्करलेली पोळीही नको, दुधातली साखर पक्ष्याला पचत नाही. आणि शेंगदाण्यांबद्दल सावध राहा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या मेल्या. कारण निघालं शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाला घालतं. आपल्या पावसाळ्यात डब्यातला दाणा कधी बुरसटतो हे कळतही नाही. आम्ही दाणे देतच नाही.

पिंजरा स्वयंपाकघरातही नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत दगावतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला आपला हिरवा पोपट घरात ठेवणं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. त्याचं योग्य खाणं त्याला झाडावरच मिळतं. जखमी सापडला तर वनखात्याला कळवा.

[दृश्य: सकाळ, गॅलरी]

सव्वासात वाजलेत. काट्यावर ९४. टाळू आता गुलाबी आहे, शिंका थांबून वर्ष झालं. सूर्यफुलाच्या दोन बिया मिळतात, काट्यावर शांत उभं राहिल्याचं बक्षीस म्हणून. आत्ता तो शिट्टी घालतोय, शेवग्याची डहाळी अजून टांगली नाही म्हणून.