गाडी नाही, डबा बघा

नमस्कार मंडळी. आज विषय असा आहे की एकट्यानं, कमी पैशात, पाठीवर सॅक टाकून युरोपातले चार-पाच देश फिरायचे तर प्लॅनिंग कसं करायचं. आता एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, या बोलण्यातला निम्मा वेळ मी बुडापेस्टच्या रात्रीच्या गाडीवर घालवणार आहे. मला ती गोष्ट सांगायला आवडते, बास. पण त्याआधी थोडं कामाचं, कारण ते नाही सांगितलं तर तुम्ही म्हणाल बाईनं नुसत्या गप्पाच मारल्या.

तर पहिलं म्हणजे व्हिसा. शेंगेन व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं एक छोटंसं गाव आहे, मोझेल नदीच्या काठी, आणि तिथे १९८५ साली पाच देशांनी बोटीत बसून करार केला म्हणून ते नाव. आज त्यात २९ देश आहेत, एका व्हिसावर सगळीकडे जाता येतं, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आता अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, इथे लोक हमखास गोंधळतात. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखेच पडत असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार, त्यांच्याकडे. परत सांगते, जास्त दिवस जिथे, अर्ज तिथे. जिथे अपॉइंटमेंट पटकन मिळते तिथे नाही. फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, अगदीच शेवटी म्हणजे पंधरा दिवस आधी, पण तेवढं थांबू नका हो, जीव टांगणीला लागतो.

आणि यात एक खाच आहे. समजा बुडापेस्टहून मध्येच दोन दिवस बेलग्रेडला जाऊन यावं असं मनात आलं, जवळच तर आहे. पण सर्बिया शेंगेनमध्ये नाही. तुमचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर बाहेर पडलात की संपलं, परत आत घेत नाहीत. आपलं विमानाचं परतीचं तिकीट रोमहून आणि आपण बसलोय बेलग्रेडला, असं व्हायचं. म्हणून फॉर्म भरतानाच मल्टिपल एंट्री मागा.

रूट आखताना नकाशावर एक रेघ ओढा. गोल नको, रेघच. एका शहरात उतरायचं, दुसऱ्या शहरातून घरी यायचं, म्हणजे उलटं यायचं भाडं आणि दिवस दोन्ही वाचतात. मी तेव्हा क्राकूव, मग बुडापेस्ट, मग म्युनिक, तिथून ब्रेनर खिंडीतून खाली व्हेरोना आणि शेवटी रोम अशी रेघ ओढली होती. पूर्वेकडे स्वस्त म्हणून तिथे जास्त रात्री, पश्चिमेला महाग म्हणून कमी. बारा दिवसांत नऊ देश करून येणारे लोक असतात, त्यांना मी विचारते काय बघितलंत, तर ते एअरपोर्ट सांगतात. असो, तो माझा प्रश्न नाही.

सॅक. सॅकच घ्या, चाकाची बॅग नको. जुन्या शहरांमध्ये रस्ते दगडांचे, गोटे बसवल्यासारखे, त्यावरून पहाटे पाच वाजता चाकाची बॅग खडखडखडखड ओढत नेणारा माणूस आख्ख्या गल्लीला उठवतो आणि त्याला त्याचं काहीच नसतं. मला विचाराल तर जुन्या शहरांत चाकाच्या बॅगांवर बंदीच घातली पाहिजे. आणि पासपोर्ट, कार्ड, थोडे पैसे हे अंगावर. शर्टाच्या आत गळ्यात पाकीट घालायचं आणि झोपतानासुद्धा काढायचं नाही. सॅक गेली तर कपडे जातात, पासपोर्ट गेला तर ट्रिप जाते. हे लक्षात ठेवा, कारण आता बुडापेस्ट येतंय.

तर झालं असं. बुडापेस्टचं केलेती स्टेशन, मोठ्ठी जुनी कमान, वर काचा, एप्रिलची रात्र. मला म्युनिकला जायचं होतं, रात्रीची गाडी, म्हणजे हॉस्टेलचे एका रात्रीचे पैसे वाचले. त्यातही मी बर्थ घेतला नव्हता, नुसती बसायची सीट, कारण तेव्हा दहा-दहा युरो वाचवायचं भूत अंगात शिरलं होतं. सहा जणांचा कंपार्टमेंट, पण आत फक्त मी आणि एक हंगेरियन आजी. आजी म्युनिकला लेकीकडे निघालेल्या. त्यांना हंगेरियन आणि थोडं जर्मन येत होतं, मला दोन्ही नाही, तरी आमच्या तासभर गप्पा झाल्या. त्यांनी मला डब्यातून पोगाचा दिले, म्हणजे छोटे छोटे खारे बन असतात, वरून चीज, अजून कोमट होते. मी बूट काढून सीटखाली सारले, सॅक वर रॅकवर, पायात रबरी चपला. त्या चपला मी आठ वर्षं वापरल्या होत्या बरं का, हल्लीच्या चपलांचा पट्टा सहा महिन्यांत उपटतो, त्यावर मी वेगळा कार्यक्रम करीन कधीतरी.

गाडी सुटली. व्हिएन्नाच्या आधीच तिकीट तपासून झालं. मग बघते तर फोन अकरा टक्क्यांवर. आमच्या डब्यात प्लगच नाही, जुना डबा. आजींना हातानं खुणा केल्या, फोन, चार्जर, आत्ता येते. त्या म्हणाल्या यो, यो, म्हणजे बरं बरं. मी चार्जर घेऊन पॅसेजमधून चालत निघाले, एक डबा ओलांडला, पुढच्या डब्यात गेले तर काय, प्लग होता आणि आख्खा कंपार्टमेंट रिकामा! आता रेल्वेत रिकामा डबा दिसल्यावर आपल्या माणसाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. फोन लावला, तीन सीटवर आडवी झाले, म्हटलं दहा मिनिटं पाठ टेकते.

झोपेत एकदा जोरात धक्का बसला. मग बराच वेळ सगळं शांत, बाहेर कोणीतरी हातोडीनं लोखंडावर टकटक करत होतं, परत एक धक्का. मला वाटलं इंजिन बदलतायत. कूस बदलली आणि झोपले.

जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि खिडकीबाहेर डोंगर. डोंगर म्हणजे लांबचे निळे वगैरे नाही, अगदी खिडकीला लागून उभा कडा, वर बर्फ. आता मी नकाशा पाठ करून आलेली बाई. म्युनिकच्या तोंडाशी असा कडा असता कामा नये हे मला माहीत होतं. म्हटलं गाडी लेट असेल. मग एक कंडक्टर ट्रेमध्ये कॉफी आणि पाव घेऊन झोपायच्या डब्याकडे निघालेला दिसला, त्याला थांबवून विचारलं, म्युनिक किती वाजता? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, झ्युरिक.

मी म्हटलं नाही, म्युनिक. तो म्हणाला, मॅडम, झ्युरिक.

तर मंडळी, ती गाडी रात्री साल्झबुर्गला तुटते. तुटते म्हणजे अपघात नाही, मुद्दाम तोडतात. काही डबे म्युनिकला जातात, बाकीचे दुसऱ्या गाडीला जोडून ऑस्ट्रिया आडवा पार करून झ्युरिकला जातात. आणि हे युरोपात सर्रास चालतं. दिवसाच्या गाड्यांचंसुद्धा, बर्लिनहून कोलोनकडे जाणाऱ्या काही गाड्या हाम नावाच्या स्टेशनात दोन होतात, अर्धी या रुळावर, अर्धी त्या. म्हणून गाडी नाही, डबा बघायचा. प्रत्येक डब्याच्या दारापाशी कागद किंवा पाटी असते, डब्याचा नंबर आणि तो डबा कुठे जाणार ते लिहिलेलं. माझ्या त्या रिकाम्या डब्याच्या दारावरही होता कागद. मोठ्या अक्षरात. झ्युरिक. अनाउन्समेंटसुद्धा झाली असणार तीन भाषांत, मी चौथ्या भाषेत घोरत होते.

म्हणजे परिस्थिती बघा. मी आर्लबर्गचा दहा किलोमीटरचा बोगदा झोपेत पार करून ऑस्ट्रियाच्या पार पश्चिम टोकाला. माझी सॅक म्युनिकला पोचत आलेली. माझे बूट म्युनिकला. माझ्याजवळ फोन, तो मात्र शंभर टक्के चार्ज, गळ्यात पासपोर्ट आणि कार्ड, आणि पायात रबरी चपला. कंडक्टरनं तिकीट बघितलं, चपलांकडे बघितलं आणि हसला नाही, ते मला जास्त लागलं. जादा भाडंही मागितलं नाही. उलट एका कागदावर जर्मनमध्ये लिहून दिलं, लाल सॅक, डबा नंबर अमुक, सीट नंबर तमुक, म्युनिकच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात दाखव म्हणाला, आणि मला फेल्डकिर्शला उतरवलं.

तिथून लोकल गाडीनं लिंडाऊ. वाटेत पोलीस चढले, पासपोर्ट मागितला. तेव्हा गळ्यातल्या पाकिटाला मनात हात जोडले, तो सॅकेत असता तर मी चपला घालून चौकीत बसले असते. लिंडाऊ म्हणजे जर्मनी, बवेरियाचा कोपरा, बोडनझे सरोवरातलं बेट. तिथे बायर्न-तिकीट मिळतं, दिवसभर बवेरियातल्या साध्या रीजनल गाड्यांमध्ये कितीही फिरा, स्वस्त. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही. वार मंगळवार, वाजले होते साडेसात. लवकरच्या गाडीचं पूर्ण तिकीट काढून मी सॅकेच्या मागे धावायला हवं होतं की नाही? मी नाही धावले. दीड तास बंदरावर बसले. तिथे एका बाजूला दगडी सिंह, सहा मीटर उंच, आणि दुसऱ्या बाजूला दीपस्तंभ, मध्ये बोटी आत यायची वाट, समोर बर्फाचे डोंगर, आणि मी मोज्यांवर चपला चढवून, पाय मांडीखाली घेऊन, खिशातला उरलेला एक पोगाचा पुरवून पुरवून खातेय. खरं सांगते, आख्ख्या ट्रिपमधली ती सगळ्यात सुंदर जागा आणि ती माझ्या प्लॅनमध्येच नव्हती. पण पाय फार गारठले होते.

दुपारी म्युनिक. खिडकीपाशी कागद सरकवला. बाईंनी वाचला, आत गेल्या, बाहेर आल्या तर हातात माझी सॅक. आणि सॅकेच्या पट्ट्याला माझे बूट, दोन्हींच्या लेस एकत्र करून, गाठीवर गाठ मारून घट्ट बांधलेले, एक बूट इकडे तिकडे होऊ नये म्हणून. आजींचं काम. त्या उतरताना सॅक उचलून खाली आणणं, ऑफिस शोधणं, सत्तरीच्या पुढच्या असतील हो त्या, आणि मला त्यांचं नाव माहीत नाही. ती गाठ सोडवायला मला दहा मिनिटं लागली, बाकावर बसून दातांनी सोडवली.

चला, आता मला समोरून हात दाखवतायत, वेळ कमी आहे, तर भराभर.

हॉस्टेल. शुक्रवार-शनिवार सगळीकडे भाव चढतात, म्हणून महागड्या शहरात सोमवार-मंगळवार पडेल असं बघा. स्वयंपाकघर असलेलंच हॉस्टेल घ्या, आणि फ्रीजमध्ये एक कप्पा असतो, जाणारे लोक उरलेलं ठेवून जातात, पास्ता, तेल, अर्धा कांदा, तो आधी बघा. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान आणा.

स्वस्त विमान. तिकीट स्वस्त असतं, पण एअरपोर्ट कुठे आहे ते बघा. बोव्हे नावाचा एअरपोर्ट पॅरिसच्या नावानं विकतात, तो पॅरिसपासून ८० किलोमीटरच्याही पुढे आहे. बसचे पैसे आणि वेळ धरून हिशोब करा.

पैसे. पोलंडमध्ये झ्लॉटी, हंगेरीत फोरिंट, मग युरो. कार्ड घातलं की मशीन गोड आवाजात विचारतं, तुमच्या देशाच्या चलनात कापू का? नाही म्हणायचं. दरवेळी नाही. स्थानिक चलनच निवडा, नाहीतर त्यांचा रेट लागतो आणि तो कधीच आपल्या सोयीचा नसतो.

पाणी विकत घेऊ नका. व्हिएन्नात नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून, आणि रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नाकासारखी तोटी म्हणून त्यांना नाझोनी म्हणतात, रात्रंदिवस वाहतात. बाटली घरून न्या. आणि इटलीत कॉफी उभ्यानं काउंटरवर प्या, बसलात की बहुतेक ठिकाणी भाव वाढतो. तसंही एवढीशी कॉफी प्यायला बसायचं कशाला, दोन घोटांत संपते.

तिकिटावर शिक्का. प्रागच्या मेट्रोला फाटकं नाहीत, कोणी अडवत नाही, पण कागदी तिकीट पिवळ्या मशीनमध्ये घालून शिक्का मारला नाही तर ते तिकीट नाहीच, दंड होतो. इटलीतल्या रीजनल गाड्यांचं कागदी तिकीटही असंच, चढायच्या आधी मशीनला दाखवायचं.

आणि एक छोटं कुलूप न्या, हॉस्टेलच्या लॉकरसाठी, तिथे विकत घेतलं तर उगीच जास्त पडतं. किल्लीचं नको, नंबरचं घ्या. किल्ली कुठे ठेवलीय ते रात्री अंधारात, सात जण झोपलेले असताना शोधणं म्हणजे... ती पण एक गोष्ट आहे माझ्याकडे, फ्लोरेन्सची, पण काच वाजवतायत. येते मंडळी, नमस्कार.