ड्राफ्टमध्ये नंबर वर कसा सरकवतात? आधी मधे कोण बसलंय ते बघा

नमस्कार मंडळी! कॅनडातल्या मिसिसागाहून मी पुन्हा तुमच्यासमोर. गेल्या व्हिडिओखाली इतक्या जणांनी "ताई, ते ट्रेड अप काय असतं ते एकदा नीट सांगा" असं लिहिलंय की आता टाळता येत नाही. एका काकांनी लिहिलंय, "बर्फावरची हॉकी सोडा, उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ करा." काका, माझे मोदक पातेल्यातच फुटतात. हॉकीचं मात्र जरा जमतं.

प्राथमिक गोष्टी भराभर उरकते. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक आइस हॉकी लीग. ड्राफ्ट म्हणजे दर वर्षी संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं, आणि नंबर म्हणजे त्यातली निवडीची पाळी. ३२ संघ, सात फेऱ्या, एकूण २२४ नंबर. बहुतेक पोरं १८ वर्षांची. ज्यांचा हंगाम वाईट गेला त्यांची पाळी आधी. पहिल्या दोन नंबरांसाठी प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी, हुकलेल्या १६ संघांत चेंडू काढून लॉटरी होते, म्हणजे मुद्दाम हरून पहिला नंबर पक्का करता येत नाही. शेवटून पहिला आलेल्याला साडेपंचवीस टक्केच संधी. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्स रांगेत दहावे होते, साडेतीन टक्के संधी, आणि त्यांनाच पहिला नंबर लागला. मॅथ्यू शेफर हा पोरगा त्यांचा झाला.

आणि हो, हा आयपीएलसारखा लिलाव नाही! दर वेळी कोणीतरी विचारतंच, "शेफर किती कोटीला गेला?" अहो, इथे बोली लागत नाही. नव्या पोराचा पहिला करार किती रकमेचा असावा याला वरची मर्यादा असते. इथे पैशाच्या जागी पाळी चालते. तुमच्याकडे १८ वा नंबर आहे, तुम्हाला १५ वा हवाय, तर पंधराव्याला म्हणायचं, माझा १८ वा घे, वर पुढच्या वर्षीचा एखादा नंबर घे, आणि सरक. झालं. हेच ट्रेड अप. सौदा झाला की कमिशनर गॅरी बेटमन माइकवर येतात. एरवी त्यांना पाहिलं की स्टेडियमभर हुर्यो होते, पण "ट्रेड आहे" म्हटलं की तेच लोक टाळ्या वाजवतात.

आता जे मला खरं बोलायचंय ते. कमेंटमध्ये सगळे एकच हिशोब करतात: किती दिलं आणि किती पायऱ्या वर गेले. "तीन पायऱ्यांसाठी एवढं?" "एका पायरीसाठी अख्खा नंबर?" पायऱ्या मोजू नका हो! मधे कोण बसलंय ते बघा.

पाडव्याच्या आदल्या दिवशीची मिठाईच्या दुकानातली रांग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही पाचवे. आम्रखंडाचा एकच डबा उरलाय, तो तुम्हाला इथूनच दिसतोय. तुम्ही तिसऱ्याला म्हणता, "भाऊ, पन्नास रुपये घ्या, मला तुमच्या जागी उभं राहू द्या." सौदा चांगला की वाईट? तुम्ही म्हणाल, दोन जागांचे पन्नास, महागच की. पण प्रश्न तो नाहीच. तिसरा आणि चौथा काय घ्यायला आलेत? दोघंही चकलीवाले असतील तर तुमचे पन्नास रुपये पाण्यात. चौथ्याच्या हातात आईनं लिहिलेली "आम्रखंड १ किलो" अशी चिठ्ठी असेल, तर पन्नास स्वस्त.

हे मी स्वतः करून बसलेय. आमच्या ऑफिसात दर सप्टेंबरात हॉकीचा पूल असतो, म्हणजे खरे खेळाडू आळीपाळीनं आपापसांत वाटून घ्यायचा खेळ. बारा जण, कॅन्टीनचं लांब टेबल, लोकरीच्या टोपीत चिठ्ठ्या. मला आठवा नंबर आला. मला विनिपेगचा गोलरक्षक हेलेबक हवा होता. मी घाबरले आणि सहाव्याला माझी तिसऱ्या फेरीची पाळी देऊन त्याच्या जागी गेले. हेलेबक घेतला, कॉलर ताठ केली. सातव्या खुर्चीवर आमच्याकडचे मॉन्ट्रियलचे एक गृहस्थ, साठीचे. त्यांनी कॉफीच्या कपाभोवतीचं पुठ्ठ्याचं वेष्टण माझ्याकडे फिरवून दाखवलं. त्यावर पेन्सिलीनं सात नावं. सातच्या सात मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे खेळाडू! हेलेबक त्यांच्या गावीही नव्हता. टेबलावर सगळे हसले. त्या वर्षी तिसऱ्या फेरीत मी नुसती कॉफी पीत बसले.

म्हणून खऱ्या ड्राफ्टमध्ये मी पहिल्यांदा मधली खुर्ची बघते. २००८, ड्राफ्ट ऑटवातच. ऑटवा सेनेटर्सकडे १८ वा. त्यांनी नॅशव्हिलला तो आणि २००९ चा तिसऱ्या फेरीचा नंबर देऊन १५ वा घेतला आणि एरिक कार्लसनला उचललं. मधे कोण? १६ ला बॉस्टन, १७ ला अनाहाइम. अनाहाइमनं घेतला जेक गार्डिनर, म्हणजे कार्लसनसारखाच पक (खेळातली रबरी चकती) घेऊन पुढे पळणारा बचावपटू. बघितलंत? त्या खुर्चीवरच्या माणसाची आवड काय ते नावच सांगतं. कार्लसननं पुढे सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी तीनदा जिंकली. नॅशव्हिलनं १८ ला घेतलेला गोलरक्षक एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

उलटही होतं. २०१३ मध्ये सॅन होजेनं २० वरून १८ वर जायला डेट्रॉइटला ५८ वा नंबर वर दिला. मधे एकच खुर्ची, १९, कोलंबसची. सॅन होजेनं मिर्को म्युलर घेतला, कोलंबसनं कर्बी रायकेल. डेट्रॉइटनं निवांत बसून २० ला अँथनी मँथा आणि ५८ ला टायलर बर्टुझी घेतला. इथे लगेच कमेंट येतील, "सॅन होजेला मूर्ख बनवलं." दहा वर्षांनी शहाणं व्हायला अक्कल लागत नाही. त्या रात्री प्रश्न एवढाच होता, कोलंबस म्युलरला घेणार होतं का?

आता सगळ्यांत भारी उदाहरण, १९९९. व्हँकूवरकडे तिसरा नंबर. स्वीडनचे जुळे भाऊ, डॅनियल आणि हेन्रिक सेडिन, दोघांनाही एकत्रच खेळायचंय. एका नंबरानं दोघं येणार कसे? व्हँकूवरचे जनरल मॅनेजर (जीएम) होते ब्रायन बर्क. त्यांनी शिकागोला बचावपटू ब्रायन मॅककेब आणि २००० चा पहिल्या फेरीचा नंबर देऊन चौथा घेतला. मग तो चौथा आणि तिसऱ्या फेरीचे दोन नंबर टँपाला देऊन पहिला घेतला. आता हातात पहिला आणि तिसरा. मधे दुसऱ्या खुर्चीवर अटलांटा, नवाकोरा संघ. आपण असतो तर काय केलं असतं? एक भाऊ पहिल्यावर घेतला असता आणि देव पाण्यात ठेवून बसलो असतो. बर्कनी पहिला नंबर अटलांटालाच देऊन टाकला! अट एकच, तुम्ही पॅट्रिक स्टेफानला घ्या. बदल्यात दुसरा नंबर, वर पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा नंबर. डॅनियल दुसरा, हेन्रिक तिसरा. पहिला नंबर त्यांना खेळाडूसाठी नकोच होता. मधली खुर्ची रिकामी करायला हवा होता.

दोघं भाऊ २०१८ पर्यंत व्हँकूवरकडेच खेळले, दोघांचेही हजारावर गुण, २०२२ मध्ये दोघंही हॉल ऑफ फेममध्ये. बिचारा स्टेफान ४५५ सामन्यांत ६४ गोल करून थांबला. २००७ मध्ये डॅलसकडून खेळताना समोरच्या रिकाम्या गोलात त्याला पक ढकलता आला नाही, तो पडला, आणि तिकडे एडमंटननं दोन सेकंद उरलेले असताना बरोबरी केली. तो व्हिडिओ बघून हसू नका, माझ्याच्यानं बघवत नाही.

अजून एका बाजूनं सांगते, म्हणजे "ताई तेच तेच बोलतेस" म्हणायला मोकळे. २००२ मध्ये फ्लोरिडानं पहिला नंबर कोलंबसला दिला, स्वतः तिसऱ्यावर सरकले. कोलंबसला रिक नॅश हवा होता, फ्लोरिडाला जे बाउमीस्टर. मधे पुन्हा अटलांटा! मग फ्लोरिडानं काय केलं? अटलांटाला खालच्या फेऱ्यांचे नंबर दिले, कशासाठी, तर बाउमीस्टरला न घेण्यासाठी. रांगेतल्या माणसाला जागाही मागितली नाही, नुसतं म्हणाले, "भाऊ, तुम्ही चकलीच घ्या." अटलांटानं गोलरक्षक कारी लेह्टोनेन घेतला आणि बाउमीस्टर फ्लोरिडाचा झाला. मला हा सौदा सेडिनच्या सौद्याइतकाच आवडतो, पण याच्यावर कोणी रील बनवत नाही.

किमतीबद्दल एवढंच, की वरच्या पायऱ्या महाग असतात आणि खाली फुटाण्याच्या भावात मिळतात. आणि वर जाणाऱ्यांना घाई असते, म्हणून त्यांच्याकडून जास्त घेता येतं. कॅरोलायनाचे जीएम एरिक टल्स्की रसायनशास्त्रातले पीएचडी आहेत. जीएम म्हणून पहिल्याच ड्राफ्टमध्ये, २०२४ ला, त्यांनी २७ वा नंबर शिकागोला देऊन ३४ वा आणि ५० वा घेतला. शिकागोला घाई होती, त्यांना नव्हती.

आता एका हुशार प्रेक्षकाचा प्रश्न. "ताई, टँपानं २०१४ मध्ये ८० वरून ७९ वर जायला मिनेसोटाला सातव्या फेरीचा नंबर दिला आणि ब्रेडन पॉइंट घेतला. मधे तर कोणीच नव्हतं! मिनेसोटाला पॉइंट हवा असता तर त्यांनी जागा दिलीच नसती. मग पैसे कशाचे?"

वा! खरंच, मिनेसोटानं ८० ला दुसराच पोरगा घेतला. पण खुर्ची विकता येते, हे विसरलात. मिनेसोटाला पॉइंट नको असेल, पण ८५ व्याला, ९० व्याला हवा असेल तर? त्यानं मिनेसोटाला फोन केला की टँपा ८० वर हात चोळत बसणार. म्हणजे भीती पुढच्याची असते तशी मागच्याचीही. सातव्या फेरीचा एक नंबर देऊन टँपानं ती खुर्ची बाजारातूनच काढून घेतली. पॉइंटनं २०२० च्या प्लेऑफमध्ये १४ गोल केले, २०२१ च्या प्लेऑफमध्ये पुन्हा १४, आणि टँपानं दोन्ही वर्षी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, नेला.

हा प्रश्न वाचला आणि मला आमचं कॅन्टीन आठवलं. परवा त्या मॉन्ट्रियलवाल्या काकांना गाठलं. म्हटलं, त्या वर्षी तुमची सातवी खुर्ची कोणी मागितली होती का हो?

"हो की," ते म्हणाले. "नवव्यानं. त्यालाही गोलरक्षक हवा होता."

"मग दिली का नाही?"

"मी देणारच होतो. तेवढ्यात तू सहाव्या खुर्चीवर जाऊन बसलीस."