मंत्र्याला दंड नाही

[दृश्य: मंगळवार सकाळ. इंदूर, मोती तबेला, कलेक्टर कार्यालय. जनसुनवाईची गर्दी.]

निवेदन:
कुणाचं नामांतरण अडलंय, कुणाची पेन्शन. रामबाग, लोकमान्य नगर इथले मराठी आजी-आजोबाही फाइल छातीशी धरून रांगेत असतात. गाऱ्हाणं हिंदीत मांडायचं, आपसात वैताग मराठीत.

[दृश्य: लोक सेवा केंद्राची खिडकी. पावती.]

लोकसेवांच्या हमीचा कायदा करणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य. साल 2010. अर्ज दिला की पावती मिळते, तीवर काम कधी होणार याची तारीख. उशीर झाला तर अपिलात अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण नावानिशी लागते.

आता या अधिकाऱ्याच्या वरचा साहेब, त्याच्या वर सचिव आणि सगळ्यांच्या वर मंत्री. त्यांच्या खात्याचं काम वर्षभर रखडलं तर?

[दृश्य: संविधानाची प्रत. अनुच्छेद 164.]

राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतो, आणि व्यवहारात ही मर्जी मुख्यमंत्र्यांची असते. शिवाय मंत्रिमंडळ सामुदायिकपणे विधानसभेला जबाबदार. ग्यानबाची मेख इथेच आहे. एकट्या कामचुकार मंत्र्याला अविश्वास ठरावानं घालवता येत नाही, अख्खं सरकारच पाडावं लागतं. केंद्रातही तसंच. 20 जुलै 2018 ला लोकसभेत अविश्वास ठरावावर मतदान झालं तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत आपल्या ताई होत्या, इंदुरातून आठ वेळा निवडून गेलेल्या सुमित्रा महाजन. ठरावाच्या बाजूनं 126 मतं, विरोधात 325. चर्चा जोरदार झाली, पण कुठल्या खात्याचं काम कसं चाललंय याचा निवाडा त्या आकड्यांत शोधून सापडणार नाही.

मंत्र्यांनी राजीनामे दिलेच नाहीत असं नाही. अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर 1956 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी दिला, मुंदडा प्रकरणात 1958 मध्ये टी. टी. कृष्णम्माचारींनी. एकीकडे अपघात, दुसरीकडे घोटाळा. नुसतं काम झालं नाही म्हणून कोण गेलं, ते आठवून पाहा.

[दृश्य: राजवाडा. चौकातला अहिल्याबाईंचा पुतळा.]

इंदुरात हा विषय काढला की कुणीतरी अहिल्याबाईंचा दाखला देतंच. आदर आहेच. पण राज्यकर्ता सज्जन निघेल या भरवशावर लोकशाही चालवायची नसते.

[दृश्य: विधानसभेच्या कामकाजाचं चित्रण.]

मग हाताशी उरतं काय? प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न घेतले जातात. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर पुरवणी प्रश्न येतात. खरी परीक्षा या पुरवणीत. लेखी उत्तर खात्यानं तयार करून दिलेलं असतं, पुरवणीला मात्र मंत्र्याचा अभ्यास उघडा पडतो. 2020 च्या पावसाळी अधिवेशनात कोविडचं कारण देऊन संसदेनं हा तासच वगळला होता. अधिवेशन चालू आणि तोंडी प्रश्न बंद!

याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे आश्वासन समिती, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी. "बाब विचाराधीन आहे", "माहिती गोळा केली जात आहे", "मी यात लक्ष घालतो" ही वाक्यं आपण टोलवाटोलवी समजतो. संसदेच्या लेखी ती आश्वासनं आहेत. त्यांची नोंद होते, आणि लोकसभेत ती तीन महिन्यांत पुरी करायची असतात. मुदतवाढ मागता येते, आणि ती भरपूर मागितली जाते, हा भाग वेगळा. लोकसभेची ही समिती 1953 पासून आहे. भोपाळच्या विधानसभेतही अशी समिती आहे. तिच्या अहवालांवर चौकात कुणी चर्चा करताना दिसत नाही. वर्तमानपत्रंही फारशी फिरकत नाहीत.

[दृश्य: एका वॉर्डातली गल्ली, निवडणुकीची पुसट भित्तिपत्रकं.]

याच राज्यात नगरपालिकेच्या अध्यक्षाला मुदतीआधी परत बोलावण्यासाठी मतदान झालेलं आहे. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं असायची, भरी कुर्सी (अध्यक्ष राहू दे) आणि खाली, म्हणजे रिकामी, कुर्सी (अध्यक्ष हटवा). मंत्र्यांसाठी अशी सोय कायद्यात नाही.

विधायक मात्र आपल्या हाताशी आहे. तो सत्तारूढ पक्षाचा असला तरी प्रश्न विचारू शकतो. मंत्री नसलेल्या विधायकाचं ते कामच. मत मागायला तो दारात आला की नळ, रस्ता, ड्रेनेज निघतातच. त्यांच्यासोबत हेही विचारा: गेल्या अधिवेशनात तुम्ही कोणत्या मंत्र्याला काय विचारलंत, आणि त्यांनी दिलेल्या आश्वासनाचं पुढे काय झालं?