नागपूर ते नागदीप

[दृश्य: सेवाग्राम, पहाटेची प्रार्थना. आधी आवाज, मग चित्र.]

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातील सर्वधर्म प्रार्थनेत 'नम्यो हो रेंगे क्यो' हा एक जपानी मंत्र आहे. हा मंत्र तेथे ज्यांच्यामुळे आला, ते निचिदात्सू फुजी नावाचे, निचिरेन या जपानी बौद्ध परंपरेतील भिक्षू १९३१ साली भारतात आले आणि १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या संघातील एक भिक्षू आश्रमात राहू लागला. तो नेमून दिलेले काम चोख करी, सर्वांशी प्रेमाने वागे आणि छोटा ढोल वाजवत आपली प्रार्थना म्हणे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि सरकारने त्या भिक्षूला, शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून, आश्रमातून नेले. ढोल मात्र मागे राहिला.

जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक खुले पत्र लिहिले. त्यात चीनवरील आक्रमणाबद्दल त्यांनी जपानला स्पष्ट शब्दांत दोष दिला, आणि त्याच पत्रात या भिक्षूची व त्याच्या ढोलाची आठवण काढून, आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आजही त्याच ढोलावर सुरू होते, असे कळवले. युद्ध पेटलेले असताना शत्रू ठरलेल्या देशाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात एका परदेशी पाहुण्याचा इतक्या मायेने केलेला उल्लेख क्वचितच सापडेल.

[दृश्य: इंदोरा बुद्ध विहार, नागपूर.]

युद्ध संपल्यानंतर, हिरोशिमा आणि नागासाकी पाहिलेल्या फुजी गुरुजींनी शांती स्तूप उभारण्याचे काम हाती घेतले. जपानमधील कुमामोतोचा स्तूप १९५४ साली उभा राहिला, राजगीरचा १९६९ साली, आणि वर्ध्याचा विश्वशांती स्तूप गुरुजींच्या मृत्यूनंतर १९९३ साली पूर्ण झाला. राजगीरचे काम चालू असतानाच, १९३५ साली जपानमध्ये जन्मलेले एक तरुण भिक्षू भारतात आले, काही काळ राजगीरला राहिले आणि तेथून नागपूरला येऊन इंदोऱ्यात कायमचे स्थायिक झाले. ते म्हणजे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई. त्यांनी पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. उत्तर नागपुरातल्या कितीतरी घरांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी त्यांना पाहिलेले आहे, त्यामुळे हा माणूस दुसऱ्या देशातून आला होता, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

हा माहितीपट मात्र ससाईंवर नाही. इंदोऱ्याजवळच राहणाऱ्या एका कुटुंबाचा हा प्रवास आहे. वडील रेल्वेत, आई शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, आणि सोबत आजी, जिने आयुष्यात समुद्र फक्त मुंबईला चैत्यभूमीवर गेल्यावर पाहिला होता. शाळेच्या सहलीत सेवाग्रामला ढोलाची गोष्ट ऐकून आलेल्या मुलीने घरी विचारले होते की, ज्या देशाने युद्ध पुकारले, त्याच देशाच्या माणसाने शांततेची हाक दिली, तर ती लोकांनी ऐकायची का? श्रीलंकेत जपानी भिक्षूंनी बांधलेले स्तूप आहेत, हे वडिलांना माहीत होते. एप्रिलच्या अखेरीस, नागपूरचा पारा चव्वेचाळीसच्या घरात गेलेला असताना, हे सारे ग्रँड ट्रंक एक्सप्रेसने चेन्नईला आणि तेथून विमानाने कोलंबोला निघाले.

[दृश्य: अनुराधपूर, श्री महाबोधी.]

पहिला मुक्काम अनुराधपूर येथे होता आणि तो आजीच्या आग्रहाने ठरला होता. येथील बोधिवृक्ष सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरीने आणलेल्या फांदीपासून वाढला, अशी परंपरा आहे, आणि याच वृक्षाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपूरला आणल्या. दीक्षाभूमीवर ज्या झाडाखाली आजी वर्षानुवर्षे बसत आली, त्याचे मूळ हे. पण या जागेचा आणखी एक इतिहास आहे आणि तो आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. १४ मे १९८५ रोजी तमिळ ईलम मुक्ती वाघांनी या शहरात आणि महाबोधीच्या आवारात १४६ माणसांना ठार मारले. त्यांत प्रार्थनेला आलेले भाविक होते, भिक्षू होते, भिक्षुणी होत्या.

अनुराधपूरहून उत्तरेला जाणारी रेल्वे गृहयुद्धाच्या काळात १९९० साली बंद पडली आणि जाफन्यापर्यंत पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. रूळ भारतीय रेल्वेच्या इरकॉन या कंपनीने घातले, हे कळल्यावर वडिलांचा चेहरा जरा खुलला. तमिळबहुल जाफन्यात त्यांनी पाहिलेली पहिली वास्तू म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. पांढरी, घुमटांची ही इमारत १९८१ साली मे महिन्याच्या अखेरच्या रात्री जाळली गेली. जाळणाऱ्या जमावात गणवेशातील पोलीस होते. ताडपत्रांवरील हस्तलिखितांसह सुमारे ९७,००० ग्रंथ त्या आगीत गेले. ग्रंथालय २००३ मध्ये पुन्हा उघडले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. नागपूरच्या बौद्ध माणसाच्या मनात श्रीलंका म्हणजे धम्माने शतकानुशतके जपलेला देश, आणि त्याला कारणही आहे, कारण बाबासाहेब स्वतः १९५० साली तेथे बौद्ध परिषदेला गेले होते. परंतु ज्या देशात बहुसंख्य लोक बुद्धाला शरण जातात, त्याच देशात सरकार आणि तमिळ वाघ यांच्यात सव्वीस वर्षे गृहयुद्ध चालले आणि दोन्ही बाजूंनी निरपराध माणसे मारली. हे वगळून केलेली लंकेची यात्रा अपुरी आहे, असे या माहितीपटाचे मत आहे.

[दृश्य: कुरिकट्टुवान धक्का. माणसांनी भरलेली बोट.]

जाफन्याच्या पश्चिमेला उथळ समुद्रात बेटांची रांग आहे. त्यांतील काही बेटे बांधाच्या रस्त्यांनी जोडलेली आहेत आणि रस्ता जेथे संपतो, त्या कुरिकट्टुवान धक्क्यावरून नैनातीवूला, म्हणजेच नागदीप बेटाला, बोट सुटते. बोट लाकडी. आत उतरायला अरुंद पायऱ्या, बाकांवर दाटीवाटीने माणसे आणि वाऱ्याने उसळलेले हिरवट पाणी. पोहता न येणाऱ्या आजीने जीवरक्षक जाकिट दोन वेळा तपासून घातले आणि मग संपूर्ण वेळ नातवाचा हात धरून ठेवला. तो घाबरेल म्हणून, असे तिने सांगितले. मुलगा मात्र बोटीचे इंजिन कोठे आहे, हे शोधण्यात गुंतला होता.

बेटावर उतरल्यावर एकीकडे नागपूषणी अम्मन या देवीच्या हिंदू मंदिराचे उंच गोपुर दिसते आणि थोडे चालून गेले की नागदीप विहाराचा पांढरा स्तूप लागतो. सिंहली बौद्ध आणि तमिळ हिंदू एकाच बोटीने येतात, धक्क्यावर उतरतात आणि आपापल्या वाटेने जातात. अनेकजण दोन्ही ठिकाणी जातात. 'महावंस' या पाली ग्रंथातील कथेनुसार, येथे महोदर आणि चूलोदर हे दोन नागराजे, नात्याने मामा आणि भाचा, एका रत्नजडित सिंहासनासाठी सैन्य घेऊन समोरासमोर उभे ठाकले होते. बुद्ध तेथे आले, त्यांनी दोघांना समजावले आणि शेवटी दोन्ही राजांनी ते आसन बुद्धालाच अर्पण केले. नागांची ही गोष्ट नागपूरकराला परकी वाटत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी धर्मांतरासाठी नागपूर का निवडले, हे सांगताना नाग लोकांनी धम्माचा प्रसार केल्याचाच दाखला दिला होता.

मुलीला या कथेतला बुद्ध लक्षात राहिला तो वेगळ्या कारणाने. त्या भांडणात तो कोणाचाच नव्हता. नाग नव्हता, बेटावरचा नव्हता, समुद्रापलीकडून आलेला होता. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे, असे तिने आईला सांगितले. आईने विचारले, उरलेले निम्मे कोणते? कारण जपानी भिक्षू तर एका बाजूच्या देशाचाच होता.

[दृश्य: पूर्व किनारा, निलावेली. पाण्याखालचे चित्रण.]

जाफन्याहून कुटुंब पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला गेले. एप्रिलपासून इकडचा समुद्र शांत होतो आणि निलावेलीच्या किनाऱ्यावरून छोट्या बोटीने पिजन आयलंडला जाता येते. तेथे प्रवाळ आहे आणि उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या पंखाचे शार्क फिरतात. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत, हे मार्गदर्शकाने वारंवार सांगूनही वडील पाण्यात उतरायला तयार होईनात. दोन्ही मुले आणि आई उतरली. आजी सावलीत बसून मोजत होती की, डोकी तीनच आहेत ना.

त्यानंतर श्रीपाद. २,२४३ मीटर उंचीचे हे शिखर डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत यात्रेकरूंनी गजबजलेले असते आणि नल्लतन्नी गावाच्या बाजूने सुमारे साडेपाच हजार पायऱ्या चढाव्या लागतात. शिखरावरील पाऊलखूण बौद्धांना बुद्धाची वाटते, हिंदूंना शंकराची, मुसलमानांना आदमची. चढ रात्री सुरू करतात म्हणजे सूर्योदयाला माथा गाठता येतो. वाटेवर खालच्या टप्प्यातच फुजी गुरुजींच्या संघाने बांधलेला शांती स्तूप आहे. आजीने तेथपर्यंतच येण्याचे ठरवले होते आणि ती तेथेच थांबली. बाकीचे चहाच्या टपऱ्यांवर थांबत, पायांत गोळे येत, पहाटेच्या थंडीत वर पोहोचले. जितक्या वेळा चढून आलात, तितके घंटेचे टोल द्यायचे, अशी तेथील रीत आहे. मुलाने एकच दिला.

[दृश्य: कोग्गला सरोवर, मग रुमस्सला टेकडी.]

दक्षिणेला गॉलजवळ कोग्गला सरोवरात आज खारफुटीतून कयाक वल्हवत फिरता येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची पाण्यावर उतरणारी विमाने येथे असत. ४ एप्रिल १९४२ रोजी येथूनच निघालेल्या लेनर्ड बर्चल या कॅनेडियन वैमानिकाला लंकेच्या दिशेने येणारा जपानी नौदलाचा ताफा दिसला. विमान पाडले जाण्यापूर्वी त्याच्या चमूने बिनतारी संदेशाने इशारा दिला आणि मग ते युद्धकैदी झाले. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले, आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर. मुले ज्या किनाऱ्यावर पोहली होती, तेथून ते बंदर दूर नाही. सेवाग्रामच्या भिक्षूला नेऊन तेव्हा काही महिनेच झाले होते.

त्याच किनाऱ्यावर उनावटुना गावाशेजारी रुमस्सला टेकडी आहे. हनुमानाने नेत असलेल्या पर्वताचा तुकडा येथे पडला, असे स्थानिक लोक सांगतात. रामटेकच्या पायथ्याशी बालपण गेलेल्या आजीला हे ऐकून मौज वाटली. टेकडीवरचा पांढरा शांती स्तूप २००५ साली त्याच जपानी संघाने उभारला. ज्या समुद्रावर बॉम्बफेकी विमाने घेऊन जहाजे आली, त्या समुद्राकडे तोंड करून, त्या जहाजांच्या देशातल्या माणसांनी हे काम केले. स्वतःच्या देशाचे कृत्य ठाऊक असलेला माणूस शांतता मागतो, तेव्हा तो उपदेश करत नसतो, कबुलीही देत असतो. आपल्या प्रश्नाचे राहिलेले अर्धे उत्तर हे असावे, असे मुलीला वाटले आणि आम्हालाही ते पटले.

पण उत्तर तेवढ्यावर मिटले नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत लंकेचे प्रतिनिधी ज्युनियस जयवर्धने यांनी, वैराने वैर शमत नाही, ते अवैराने शमते, या धम्मपदातील वचनाचा आधार घेऊन, आपला देश जपानकडून नुकसानभरपाई मागणार नाही, असे जाहीर केले. जपानने ते भाषण विसरू दिले नाही आणि कामाकुराच्या महाबुद्धाच्या आवारात जयवर्धने यांचे स्मारक उभे राहिले. मुलीने सालांचा हिशेब मांडला. जाफन्याचे ग्रंथालय जळाले ते १९८१ साली आणि कोलंबोत तमिळांची घरे-दुकाने पेटली ती जुलै १९८३ मध्ये. त्या दोन्ही वेळी श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धनेच होते.

[दृश्य: नागपूर, वस्तीतील विहार. वैशाख पौर्णिमेची तयारी.]

परतल्यावर विहारातील मंडळींनी कुटुंबाला पौर्णिमेच्या कार्यक्रमात प्रवासाबद्दल बोलायला सांगितले. घरात वाद झाला. सणाच्या दिवशी ग्रंथालयाची आग आणि महाबोधीच्या आवारातील हत्या कशाला काढायच्या, असे वडिलांचे म्हणणे होते, आणि लोकांना स्तूप, बोधिवृक्ष, श्रीपाद पाहायला आवडेल, हेही खरे होते. आई मुलीच्या बाजूची होती. निर्णय आजीने दिला.

"जाफन्याचं आधी सांगजो," ती नातीला म्हणाली, "मंग बाकीचं. फोटो बापाले दाखवू दे."

त्याप्रमाणे मुलगी पहिली बोलली, आणि वडिलांनी त्यानंतर पडद्यावर शार्क दाखवले.